मुंबई ते लंडन, साडेपाच तास

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि शाळा चौथीपर्यंतच. काना-मात्रा चुकली तर माफ करावं. पण शेजारच्या राजय्यामामांबद्दल लिहावंसं वाटलं. जन्मात विमानात न बसलेला हा माणूस विमानाचं अंतर सुतानं मोजतो.

मामा हातमागावर लुगडी विणतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलती मुलगी सुशीला लंडनच्या दवाखान्यात नर्स लागली, तेव्हा त्यांनी जुन्या बाजारातून पृथ्वीचा गोल आणला. सुताचं एक टोक मुंबईवर धरलं, दुसरं लंडनवर, आणि ताणलं. पृथ्वीचा घेर पंचवीस हजार मैल, हे मास्तरांना विचारून घेतलं. त्यावरून साडेचार हजार मैल काढले. कुणी शंका काढली की म्हणणार, "सूत खोटं बोलत न्हाय."

वेळ तर मुलीच्या पत्रातच होती. सकाळी सहाला सुटले, साडेअकराला लंडनला उतरले. मग काय! न्हाव्याकडं, भाजीवाल्याकडं, मामांचं एकच. "साडेपाच तास! ताशी आठशे मैल! आपली प्यासिंजर तेवढ्यात कुर्डुवाडीला च्या पीत बसती."

मी विड्या वळता वळता म्हणायची, "व्हय मामा."

तीन वर्षांनी सुशीलाचं पत्र आलं. रात्री दहाला लंडनहून निघते, मुंबईत उतरले की सुताच्या शेटकडं फोन करते. मामांनी बोटांवर मोजलं. पहाटे साडेतीनला विमान उतरणार, शेट उठले की सहाला फोन येणार.

सकाळी सहापासून ते शेटच्या पायरीवर बसले. आठ वाजले, दहा वाजले. चहा दिला तर घेईनात.

"मामा, इमान पंक्चर झालं असंल," शेट हसले. मामांचा चेहरा बघून मग फोन चालू आहे का ते उचलून बघून आले.

दुपारी बारा वाजता मी भाकरी घेऊन गेले. मामांच्या बोटाला सुताचा तो तुकडा गुंडाळलेला होता.

"शांताक्का," ते म्हणाले, "सगळं मोजलं. मधी समुद्र किती हाय, तेच मोजलं न्हाय गं."

मी भाकरी तशीच झाकून ठेवली. तिथंच बसून राहिले.

साडेतीनला फोन वाजला. मामांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि सगळ्या पेठेला ऐकू जाईल असे ओरडले, "जमिनीवर हायेस न्हवं?"

दुसऱ्या दिवशी सुशीला घरी आली. तिनं गोल पुढ्यात घेऊन समजावलं, "अप्पा, तिकडची घड्याळं साडेपाच तास मागं असतात. विमानाला दहा-अकरा तास लागतात."

मामा हिरमुसले. "म्हंजे ताशी चारशेच पळतंय की." मग थोडा वेळ गोल फिरवत बसले. "आन् मी हितं सकाळी उटतो, तवा तू काय करतीस?"

"झोपलेली असते की."

महिन्याभरानं सुशीला परत गेली. पूर्वी मामांचा माग उजाडायच्या आधी खडखडायचा, वर मोठ्यानं भजन. आता सकाळी घरातून आवाज येत नाही. परवा सहा वाजता माझ्या हातून पितळी पातेलं पडलं, तर मामा दारात आले.

"हळू गं शांताक्का," ते दबक्या आवाजात म्हणाले. "पोरीचा आत्ता कुटं डोळा लागला असंल."