शुक्रवारचा बुधवार

गुरुवारी संध्याकाळी विजयमालाबाईंनी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना टाकली, "उद्या शुक्रवारी शाळेत बुधवार राहील. मुलांना डबा देऊ नये."

सूचना टाकून त्या मेथी निवडायला बसल्या. अर्धी जुडी निवडून होईपर्यंत फोन सतरा वेळा वाजला. पहिला प्रश्न हंबीररावांचा होता. ते फौजेतून सुभेदार होऊन परतलेले, आणि त्यांचा नातू विश्वजीत बाईंच्या शाळेत. त्यांनी विचारलं होतं, "मग काल कोणता वार होता? खुलासा व्हावा." एका आईने विचारलं, "मग शनिवारी गुरुवार का? बाजाराची पिशवी द्यायची का?" एका वडिलांनी नुसताच अंगठा दाखवला होता, पण त्यांना काय पटलं ते कळायला मार्ग नव्हता.

बाईंची शाळा सातारा-वाई रस्त्याला लागून. मुलं सव्वीस. शिकायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो म्हणून बाकीच्या शाळांनी ज्यांना मागच्या बाकावर बसवून सोडून दिलं होतं, ती ही मुलं. इथं मागचा बाक नाही. इथं दारातच एक फळा आहे, फळ्याला एक खिळा आहे आणि खिळ्याला रोज एक पुठ्ठ्याची पाटी लागते. पाटीवर वाराचं नाव आणि खाली चित्र. सोमवारी खुरपं, म्हणजे बाग. मंगळवारी ढोलकी, म्हणजे गाणी. बुधवारी तवा, म्हणजे मुलं स्वतः पिठलं-भाकरी करणार. गुरुवारी पिशवी, म्हणजे बाजार. शुक्रवारी कात्री, म्हणजे आकाराममामा केस कापायला येणार. शनिवारी चेंडू आणि अर्धी शाळा. जे खिळ्यावर तेच आज, हे बाईंनी मुलांना सहा वर्षं घोटून शिकवलं होतं. मुलांच्या आधी ते शिपाई, मावश्या आणि दूधवाल्याच्या अंगवळणी पडलं होतं.

ही पाटी बदलण्याचं काम अर्शियाचं. दोन वर्षांपूर्वी ती शाळेत आली तेव्हा तीन महिने कुणाशी एक अक्षर बोलली नाही. मग एके सकाळी मंगळवारची पाटी तिरकी लागलेली तिने पाहिली, पुढे होऊन सरळ केली आणि म्हणाली, "आता बरं." त्या दिवशी बाई ऑफिसात जाऊन रडल्या होत्या. तेव्हापासून ते काम तिचं. रोज सगळ्यांच्या आधी यायचं, कालची पाटी काढायची, आजची लावायची, दोन पावलं मागं सरकून बघायचं.

आता अडचण अशी होती की मे महिन्यात अर्शिया अठरा वर्षांची होणार होती. शाळेची मान्यता अठरापर्यंतच. पुढे मुलं घरी जातात, आणि घरी जाऊन दारात बसतात. मोठ्या मुलांसाठी एक कार्यशाळा मंजूर व्हावी म्हणून बाई तीन वर्षं अर्ज करत होत्या. अखेर गुरुवारी दुपारी पत्र आलं की विभागाचे अधिकारी धैर्यशीलसाहेब उद्या, शुक्रवारी, तपासणीला येत आहेत. मोठ्या मुलांना काय काम येतं ते त्यांना बघायचं होतं. आणि शुक्रवारी तर शाळेत दिवसभर केस कापत असत. निम्मी मुलं कात्रीला घाबरून टेबलाखाली बसत, आणि बाई टेबलाखाली वाकून "घाबरायचं नाही, काही होत नाही" असं सांगत फिरत. हे काय साहेबांना दाखवायचं? त्यापेक्षा अर्शियाची भाकरी दाखवू. गोल असते, फुगते, कुठं करपत नाही. म्हणून बाईंनी शुक्रवारी बुधवार ठेवला. सरकारी काम असतं तर त्याला तीन सह्या लागल्या असत्या.

शुक्रवारी सकाळी बाई नऊ वाजता पोचल्या तर खिळ्यावर कात्री. शेजारी अर्शिया उभी. दारात तिचे वडील सिकंदरभाई, शिलाईचं दुकान असलेले, इस्त्रीचा पांढरा कुर्ता घालून थांबलेले.

"अर्शिया, आज आपण तव्याची पाटी लावायची हं," बाई गोड आवाजात म्हणाल्या.

"आज जुम्मा हाय," अर्शिया म्हणाली.

"हो, पण शाळेत बुधवार आहे."

"बुधवार झाला."

बाईंनी सिकंदरभाईंकडे बघितलं. "तुम्ही सांगा ना जरा."

"आवं बाई, रातीपास्नं सांगतोय. ती म्हनती, बुधवार हाय तर मग तुमी जुम्म्याच्या नमाजाचा कुर्ता कशाला घातलाय? आता ह्याला मी काय बोलू?" असं म्हणून ते निघून गेले.

बाईंनी स्वतः कात्री काढली आणि तवा लावला. मागं वळून ऑफिसात जाईपर्यंत परत कात्री. बाईंनी पुन्हा तवा लावला आणि कात्रीची पाटी कपाटात ठेवायला हात पुढे केला. अर्शियाने ती पाटी छातीशी धरली आणि सोडली नाही. ती ओरडली नाही, रडली नाही. नुसती बाईंकडे बघत राहिली. बाईंना कसंसंच झालं. पण साहेब अकराला येणार होते आणि कसंसं व्हायला वेळ नव्हता.

बाकीच्या मुलांनी खिळ्यावरचा तवा बघितला आणि हात धुवायला गेली. विश्वजीतला तर फारच आनंद झाला. "आठवड्यात दोन बुधवार पायजेत," तो म्हणाला. बाईंनी फळ्याचा फोटो रोजच्यासारखा ग्रुपवर टाकला. लगेच हंबीररावांचा निरोप आला, "आज शुक्रवार आहे. दुरुस्ती करावी." बाईंनी फोन उलटा करून ठेवला.

साडेदहाला आकाराममामा आले. त्यांना कळवायचं राहूनच गेलं होतं. दारात फळा बघून ते थांबले, चष्मा पुसला, परत बघितलं. एका हातात हत्यारांची पेटी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. त्यांनी स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या रेश्माबाईंना गाठलं.

"बाई, आज बुधवार हाय व्हय?"

"नाही मामा, शुक्रवारच आहे. पण आज नाही."

"हाय बी आन न्हाई बी?"

"म्हणजे बाहेर आहे, शाळेत नाही."

मामा विचारात पडले. सहा वर्षांत हा फळा एकदाही चुकलेला त्यांनी पाहिला नव्हता. स्वतःच्या हिशेबावर त्यांचा तेवढा भरवसा नव्हता. त्यांनी फोन लावला. "आगं, आज काय वार? नीट बगून सांग. आगं, साळंत बुधवार लावलाय. भाच्याचा साकरपुडा आज का परवा? न्हाई, म्या काय बी घेतलेलं न्हाई. सकाळची येळ हाय."

तेवढ्यात फाटकाशी गाडीचा आवाज झाला. रेश्माबाईंनी मामांना, पेटीसकट आणि साखरपुड्याच्या नव्या सदऱ्याच्या पिशवीसकट, कोठीत घातलं आणि दार लोटून घेतलं.

धैर्यशीलसाहेब उंच, थकलेले आणि कमी बोलणारे होते. आठवडाभर सांगली जिल्ह्यातल्या शाळा बघत ते इथवर आले होते. सगळीकडे त्यांना गुलाबाचं फूल आणि एकच स्वागतगीत मिळालं होतं. इथं फूल नव्हतं, गीत नव्हतं, पिठल्याचा वास होता. त्यांना तेवढ्यानेच बरं वाटलं.

ते स्वयंपाकघरात उभे राहून बघू लागले. आणि इथेच बाईंचा घोटाळा झाला. साहेबांसमोर काही चुकू नये म्हणून त्या अर्शियाच्या कानाशी उभ्या राहिल्या. "पीठ घे. आता पाणी. थोडंच. आता मळ. आता थाप." एरवी त्या बुधवारी स्वयंपाकघरात फिरकतही नसत. शिवाय अर्शियाने कात्रीची पाटी ओढणीच्या आत, काखेत दाबून धरली होती, त्यामुळे तिचा एक हात अंगापासून सुटेना. भाकरी झाली, पण ती गोल नव्हती. तिला कोपरे होते.

साहेबांनी ती चवीने खाल्ली, वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "बाकीच्या खोल्या बघू." बाई "तिकडे नको" म्हणेपर्यंत त्यांनी कोठीचं दार उघडलं. आत पिठाच्या पोत्यावर आकाराममामा बसले होते. वेळ जात नव्हता म्हणून त्यांनी नवा सदरा घालून बघितला होता. मांडीवर कात्री होती.

साहेबांनी विचारलं, "हे कोण?"

मागून विश्वजीत म्हणाला, "ह्यो शुक्रवार हाय."

मामांनी उठून नमस्कार केला. "शुक्रवारचा असतोय मी. आज जरा आधी आलोय म्हनत्यात," ते म्हणाले. साहेबांनी मान हलवली आणि दार हळूच लावून घेतलं. इतक्या शाळा बघितल्यावर ते फारसं विचारायच्या भानगडीत पडत नसत.

ऑफिसात बसून त्यांनी तपासणीचा फॉर्म काढला. सहा कलमं भराभर झाली. सातव्याशी पेन थांबलं. "बाई, शिक्षकांनी न सांगता एखादं काम जबाबदारीने पार पाडणारा विद्यार्थी. आहे का कुणी?"

"आहे ना सर. अर्शिया. भाकरी बघितलीत ना तुम्ही?"

"बघितली. पीठ तिचं होतं, बोलणं सगळं तुमचं होतं." साहेब वाईट वाटून घेत म्हणाले. "हे कलम रिकामं राहिलं तर कार्यशाळा होत नाही. मी खोटं कसं लिहू?"

तीन वर्षांचे अर्ज, आणि पुढच्या मे महिन्यात दारात बसलेली अर्शिया, दोन्ही बाईंना एकदम दिसलं. आणि खोटं म्हणायचं तर दारातला बुधवार त्यांनीच टांगला होता. साहेबांनी कलम तसंच सोडलं, मोबाईलवर बघून तारीख टाकली, खिडकीतून फळ्याकडे बघून वार लिहिला आणि सहीला पेन टेकवलं.

"चूक," साहेबांच्या खांद्यामागून आवाज आला.

अर्शिया केव्हाची आत येऊन उभी होती. पुढे होऊन तिने 'बुधवार' या शब्दावर बोट ठेवलं. मग ओढणीतून पाटी काढली आणि फॉर्मशेजारी ठेवली. पाटीला पिठाची बोटं लागली होती. "शुक्रवार," ती म्हणाली.

साहेबांनी मोबाईल परत बघितला. मग कपाळाला हात लावला. "अरे देवा. तारीख एक आणि वार भलताच. हा कागद आमच्या ऑफिसातून तिसऱ्या दिवशी परत आला असता आणि मग वर्षभर कुणी हात लावला नसता." त्यांनी वार खोडून नीट लिहिला. मग वर बघितलं. "पण फळ्यावर बुधवार कुणी लावला?"

अर्शियाने बाईंकडे बघितलं. नाव घेतलं नाही.

"मी लावला," बाई म्हणाल्या. "ही नको म्हणत होती. दोन वर्षं पाटी हीच बदलते, एक दिवस चुकली नाही. आज ते काम मी तिच्या हातून काढून घेतलं. सर, मला तुम्हाला भाकरी दाखवायची होती."

"आणि ही तुमचं ऐकत नव्हती?"

"अजिबात नाही."

"सकाळपासून पाटी धरून आहे?"

"स्वयंपाक करतानासुद्धा."

साहेब आठवड्यात पहिल्यांदा हसले. त्यांनी फॉर्म पुढे ओढला आणि सातव्या कलमात लिहिलं, 'होय. मुख्याध्यापिकांनी दबाव आणूनही.' मग सही केली.

गाडी गेल्यावर बाई बराच वेळ फाटकाशी उभ्या राहिल्या. त्यांना रडू येत होतं आणि भूकही लागली होती. आत आल्या तर खिळ्यावर कात्री लागलेली, आणि अर्शिया दोन पावलं मागं उभी राहून बघत होती. बाई तिच्याजवळ गेल्या. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. अर्शियाने मान डोलावली. त्यात तिला काही शंका नव्हती. कुणीतरी बदललेल्या फळ्याचा फोटो ग्रुपवर टाकला होता, त्याखाली हंबीररावांनी लिहिलं होतं, "दुरुस्ती मिळाली. आभारी आहे."

शाळा सुटायला पाऊण तास होता. कोठीतून आकाराममामा बाहेर आले, फळा वाचला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. नवा सदरा झटकून त्यांनी खुर्ची मांडली, पांढरं कापड फडकवलं. कापड बघताच निम्मी मुलं टेबलाखाली गेली. सवयीने बाई वाकल्या. "घाबरायचं नाही, काही होत..."

त्यांचा पदर कुणीतरी ओढत होतं. अर्शियाने त्यांना सरळ उभं केलं, हाताला धरून खुर्चीपाशी नेलं आणि बसवलं. टेबलाखालून बारा-तेरा डोकी बाहेर आली.

"बाई, बायामानसाचं केस म्या कवा कापलं न्हाईत," मामा कात्री धरून म्हणाले. "किती घिऊ?"

बाईंनी अर्शियाकडे बघितलं. अर्शियाने विचार करून दोन बोटं आडवी धरली. बाईंनी डोळे गच्च मिटून घेतले आणि खुर्चीचे हात पकडले.

"घाबरायचं न्हाई," अर्शिया त्यांच्या कानाशी म्हणाली. "काय होत न्हाई."