परबकाकांचा उजेडाचा डबा

आमच्या भांडुपच्या बिल्डिंगीत सगळे चहा प्यायचे; परबकाका आधी चहाची उलटतपासणी घ्यायचे. पाणी, चहा, ताक, काहीही द्या, ग्लास खिडकीशी धरून, एक डोळा मिटून असे बघत की देणाऱ्याला आपणच गुन्हेगार वाटावं. मग म्हणत, "माणूस खोटां बोलतलो, उजेड बोलाचो नाय."

नोकरी पवईच्या एका प्रयोगशाळेत, उपकरणं सांभाळायची. तिथले साहेब केसाएवढ्या काचेच्या तारेतून उजेड सोडून रक्तातली साखर ओळखायच्या खटपटीत होते. काकांनी तो शोध बिस्किटाच्या डब्यात उरकला. आत टॉर्चचा बल्ब, समोर एन्झाइम लावलेली पट्टी, शेजारी उजेड मोजणारा फोटोसेल आणि वर मेलेल्या रेडिओचा काटा. पट्टीवर लघवीचा थेंब टाकायचा. साखर असली की पट्टी निळी पडते, उजेड गिळते आणि काटा उजवीकडे पळतो.

डबा बनवला होता काकूंसाठी. त्यांना मधुमेह निघालेला, आणि बाई जन्माच्या गोडघाशा. गणपतीत आरतीला कुठेही गेल्या की एक बाजू म्हणायची, एका मोदकाने काय होतंय. दुसरी म्हणायची, अरेरे, बिचारी. त्या 'बिचारी'ने काकू एवढ्या दुखावल्या, की गेल्या गणपतीत उंबऱ्याबाहेर आल्याच नाहीत. यंदा तरी येतील का, ही काकांना एकच काळजी.

गणपतीच्या आठवडाभर आधी काकांनी अख्ख्या बिल्डिंगीची फुकट तपासणी जाहीर केली. गावाहून आलेल्या कोकम सरबताच्या रिकाम्या बाटल्या लघवीच्या नमुन्यासाठी स्वतः दारोदार वाटल्या. सकाळी जिन्यात ही रांग! सेक्रेटरी सामंतांनी तर बाटली नवऱ्यामुलाच्या नारळासारखी रुमालात धरून आणली.

निकाल: सगळे गोड. सामंतांचा काटा मुलुंडला जाऊन परत आला. माझ्याही बाटलीत साखर निघाली. आईने माझ्या लग्नाची बोलणी थांबवली.

गणपती बसले आणि बिल्डिंगीची वाट लागली. मोदक फक्त देवाला. भक्तांच्या पानात उरल्या उकडीच्या, मीठ-मिरचीच्या निवगऱ्या. आणि काकू? त्या एकदम हेडमास्तरीण. काय खायचं, काय नाही, विचारायला बायका त्यांना आरतीआधी घरी न्यायला येऊ लागल्या. सामंत पेढ्याकडे बघून उसासा टाकायचे, तर काकू पाठ थोपटून सांगायच्या, "भावजी, तुमी नवे आसास. सवय होतली."

अनंत चतुर्दशीच्या सकाळी मी आमच्याकडे जादा आलेली, न वापरलेली बाटली परत द्यायला गेलो. झाकण उघडलं तर कोकमाचा घमघमाट. तळाला लालसर पाक वाळून चिकटलेला.

"काका, या बाटल्या धुतल्याच नव्हत्या?"

काकांनी बाटली खिडकीशी धरली. एक डोळा मिटला. बराच वेळ मिटलेलाच ठेवला. चहातला मुंगीचा पाय शोधणारा हा माणूस, त्याला बोटभर पाक दिसला नसेल?

समोरच्या खोलीत आरतीची तयारी चालली होती. बायकांच्या घोळक्यातून काकूंचं हसू जिन्यापर्यंत आलं.

"उद्या सगळ्यांका खरां सांगतलंय," काका हळूच म्हणाले. "आज रवांदे. ती हसता."

मी बाटली घेतली आणि मोरीत नेऊन नळाखाली धरली.