क्रिसांतोची शिफारस

"हिवाळ्यात तुम्ही करमणूक काय करता?" या प्रश्नाला क्रिसांतो मागबानुआने "झोपतो" असं खरं उत्तर दिलं असतं, तर पुढचं रामायण घडलं नसतं. पण समोर टॅमरॅक बे गावची समिती बसली होती, आणि समितीसमोर खरं बोलायचं नसतं एवढं त्याला कळत होतं.

क्रिसांतो मूळचा फिलिपिन्समधल्या इलोइलोचा. टॅमरॅक बेच्या वृद्धाश्रमात तो स्वयंपाकी होता. नोकरी पक्की होती, पण कॅनडात कायमचं राहायचं तर गावाची शिफारस हवी होती. आणि गाव दुधाने पोळलेलं होतं. आधी ज्यांची शिफारस केली ते तिघेही कागद हातात पडताच टोरांटोला पसार झाले होते. (त्यातला एक तर गावाने दिलेल्या सत्काराचा केक डब्यात घालून घेऊन गेला.) म्हणून आता समिती माणूस निरखून घ्यायची. याला इथला हिवाळा आवडतो का, हा टिकेल का?

क्रिसांतोने घाईघाईने इकडेतिकडे पाहिलं. भिंतीवर एक फोटो होता: गोठलेलं तळं, बर्फाला पाडलेलं भोक आणि त्यात गळ टाकून बसलेला एक आनंदी म्हातारा.

"मासेमारी," क्रिसांतो म्हणाला. "बर्फातली. जीव की प्राण!"

फोटोतला म्हातारा टेबलाच्या मधल्या खुर्चीवर बसला होता. तोइवो केटोला, समितीचा अध्यक्ष. त्याचे डोळे पाणावले.

"अरे मग आधी बोलायचं नाही का! शनिवारी माझ्याबरोबर चल. बायकोलाही आण."

घरी ही बातमी ऐकून मारिविकने हातातलं लाटणं... छे, लाटणं तिच्याकडे नव्हतंच. भाताचा डाव होता, तो खाली ठेवला.

"तू आणि मासेमारी? गुइमारास बेटावर जाणाऱ्या होडीत पंधरा मिनिटांत तीनदा ओकणारा तू?"

"हे पाणी गोठलेलं असतं. हलत नाही."

"खोटं बोलायचंच होतं तर घरात बसून करायचं काहीतरी सांगायचंस. बुद्धिबळ म्हणायचंस!"

मारिविक इलोइलोला एका मोठ्या दुकानाची व्यवस्थापक होती, म्हणजे दिवसभर माणसांवर ओरडायचा तिला पगार मिळे. इथे आल्यापासून ओरडायला एकटा क्रिसांतोच उरला होता, आणि सगळा माल त्याच्याच वाट्याला येत होता.

शनिवारी तोइवोने आपली गाडी गोठलेल्या तळ्यावरच्या लाकडी खोपटापाशी नेऊन उभी केली. आत छोटी शेगडी, तीन बाकडी आणि मध्ये बर्फातलं भोक. भोकातलं पाणी काळंभोर होतं. क्रिसांतोने त्यात एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहायचं नाही असं ठरवलं. मारिविकने टॉवेलात गुंडाळून आणलेला आदोबो-भात (आदोबो म्हणजे व्हिनेगरमध्ये शिजवलेलं मटण) उघडला. तोइवोने दोन घास खाल्ले आणि तो बोलायचा थांबला. यापेक्षा मोठी दाद तो देत नसे.

जेवण झाल्यावर तो म्हणाला, "क्रिस, गाडीतून कॉफीचा थर्मास घेऊन ये रे. ही घे किल्ली."

क्रिसांतोने थर्मास आणला. किल्ली त्याने हातमोज्यात कोंबली. (खिशाची चेन गोठली होती. निदान त्याचं म्हणणं तरी असंच आहे.) मग शेगडीपाशी हात शेकायला म्हणून त्याने हातमोजा झटक्यात ओढून काढला.

डुबुक.

आवाज फार मोठा नव्हता. तोइवो कॉफी ओतत होता, त्याला ऐकू गेलं नाही. मारिविकला गेलं.

"काय पडलं?" तिने हसऱ्या चेहऱ्याने, पण आपल्या भाषेत विचारलं.

"किल्ली."

"कसली?"

"गाडीची."

"सांग त्याला."

"शिफारस मिळू दे, मग सांगतो."

"शिफारस मिळेपर्यंत काय इथेच बसायचंय?"

"काय म्हणते ती?" तोइवोने विचारलं.

"म्हणते, जागा फार छान आहे."

क्रिसांतोने गळ उचलला आणि थेट तळाला सोडला. किल्लीला कडी होती, गळाला आकडा होता. देव मनात आणील तर गाठ पडायला काय हरकत? तो गळ इंच इंच सरकवू लागला. कपाळाला घाम फुटला. बाहेर उणे अठ्ठावीस होतं.

तोइवो बघतच राहिला. "वा! तळाशी धरून, हळूहळू. हल्लीच्या पोरांना धीर नसतो. कुठे शिकलास?"

"अंगातच असतं साहेब," क्रिसांतो रडक्या आवाजात म्हणाला.

आणि गळाला ओढ बसली! किल्लीला इतकं वजन नसतं हे त्याच्या लक्षात यायच्या आत तोइवोने आरोळी ठोकली, दोघांनी मिळून ओढलं, आणि हातभर लांबीचा एक पाईक मासा खोपटात येऊन थयथयाट करू लागला. क्रिसांतो बाकावर चढला. तोइवोने त्याला खाली ओढून मिठी मारली, माशासकट.

"असा मासा या वर्षी कुणी काढला नाही! चल, गावात दाखवू. किल्ली दे."

क्रिसांतो मिठीतच थबकला. मासासुद्धा थांबला.

"किल्ली... खाली आहे, साहेब."

"गाडीखाली पडली?"

"नाही. आणखी खाली."

तोइवोने भोकाकडे पाहिलं, मग क्रिसांतोकडे पाहिलं. मग खिशातून फोन काढला. थंडीने फोनने केव्हाच डोळे मिटले होते. क्रिसांतो आणि मारिविकचे फोन उबेला म्हणून घरीच ठेवले होते.

"पलीकडच्या खोपटात माणसं दिसतात," मारिविक उठत म्हणाली. "मी त्यांच्या फोनवरून हिल्काबाईंना बोलावते. तुम्ही दोघं इथेच बसा. कशालाही हात लावू नका."

हे ती क्रिसांतोला म्हणाली की तोइवोला, ते कळलं नाही. दोघेही हात मांडीवर ठेवून बसले.

हिल्का म्हणजे तोइवोची बायको. गावातलं एकमेव किराणा दुकान तिचं, आणि समितीतही ती होतीच. बर्फावरची फटफटी घेऊन ती आधी पलीकडच्या खोपटाशी गेली, तिथून मारिविकला मागे बसवून आली. गाडीची दुसरी किल्ली तिच्या गळ्यात होती. दोघी येताना इतक्या हसत होत्या की फटफटीचा आवाज ऐकू येईना. क्रिसांतोला ते हसणं अजिबात आवडलं नाही.

"तोइवो," हिल्का दारातूनच म्हणाली, "या माणसाने जन्मात गळ धरलेला नाही. पाण्याला भितो तो."

"काहीतरीच काय? मग हा मासा?"

"तो किल्ली शोधत होता."

तोइवोने दोघांना त्यांच्या दारात उतरवलं आणि लगेच गाडी वळवली. पुढे बरेच दिवस तो वृद्धाश्रमाकडे फिरकला नाही. क्रिसांतोने मनातल्या मनात बॅगा भरल्या. लापशीत दोनदा मीठ पडलं. "मी गपचूप 'झोपतो' म्हणालो असतो तर?" असं तो मारिविकला रोज विचारी. ती रोज "तर बरं झालं असतं" म्हणे. पण एकदा रात्री जेवताना तिने आपल्या ताटातला तळलेल्या माशाचा मोठा तुकडा त्याच्या ताटात घातला आणि म्हणाली, "मलाही इथनं जायचं नाही रे." त्याने तो तुकडा अर्धा करून पुन्हा तिच्या ताटात ठेवला.

अखेर समितीने बोलावलं. दोघांनाही.

"एका घराला आम्ही एकच शिफारस देतो," तोइवो खाकरून म्हणाला, "आणि ती द्यायचं एकमताने ठरलंय."

क्रिसांतो उभा राहिला. त्याने आभाराचं भाषण पाठ केलं होतं.

"हिल्काला दुकान सांभाळायला खमकं माणूस हवं होतं. परवा मारिविकने हो म्हटलं. असं माणूस गावाने सोडता कामा नये. शिफारस तिची." तोइवोने टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी वाजवल्या. क्रिसांतो उभाच होता, म्हणून त्यानेही वाजवल्या.

मग तोइवोला आठवण झाली. "आणि हो, नवऱ्याचं नाव तिच्या अर्जात जोडता येतं. क्रिस, तू राहशील ना इथे कायमचा?"

क्रिसांतोने उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"राहील," मारिविक म्हणाली. "मी सांगते त्याला."