प्रेमदासचं भरलेलं अंगण

"अंगण भरून दाखवतो, फादर! नाई भरलं तर नाव बदलतो आपलं!"

रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या दारात प्रेमदासनं छाती फुगवून हे जाहीर केलं आणि शेजारी उभा असलेला हेमराज खो खो हसला. "अंगण राहू दे, बाज भरली तरी लय झालं!"

ऑक्टोबर म्हणजे रोझरीचा, जपमाळेच्या प्रार्थनेचा महिना. मरिया मातेची तसबीर रोज एका कॅथलिक घरी जाते आणि तिथं सगळे मिळून जपमाळ करतात. बोरगाव मेघेत अशी घरं मोजकीच. दार लावायचं, पाच-सहा जणांनी प्रार्थना करायची, चहा घ्यायचा आणि पांगायचं! फादर शेवटी वैतागले. "गल्लीला पत्ताच नाही तुम्ही काय करता त्याचा! असंच चालणार असेल तर पुढल्या वर्षी तसबीर चर्चमध्येच राहू दे." प्रेमदासच्या ते फार जिव्हारी लागलं. त्याच्या आईच्या काळापासून ती तसबीर त्यांच्या घरी येत होती.

बेत झकास होता. प्रार्थना अंगणात करायची आणि शेजाऱ्यांना बोलवायचं! फक्त बोलवायचं कसं, हे काही जमेना. आपण धर्म शिकवायला आलो असं लोकांना वाटलं तर? समोरच्या कमलाबाईंच्या फाटकापाशी तो तीनदा गेला. दर वेळी विचारलं काय, तर "काकू, तुमच्याकडं नळ आला का?"

त्यात मोनालीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, घोळ वाढवला. तिचा बीपी वाढला. प्रेमदासनं तिला भर गल्लीतून खांद्याचा आधार देत ऑटोत घातलं आणि दवाखान्यात नेलं. ती लगेच बरी झाली आणि आरामाला पवनारला बहिणीकडे गेली. हे गल्लीत सांगायचं प्रेमदासला सुचलंच नाही!

त्याच्या घरी तसबीर यायच्या दिवशी त्यानं अंगणात खुर्च्या मांडल्या, खाली पांढऱ्या चादरी अंथरल्या. स्टुलावर तसबीर ठेवली. साडीतली मरिया माता, डोक्यावर पदर. तिला ताजा हार घातला, पुढं मेणबत्त्या लावल्या आणि पांढरा सदरा घालून फाटकात उभा राहिला.

फादर आणि हेमराज यायच्या आधीच कमलाबाई आल्या! पांढरी साडी, हातात झाकलेलं पातेलं. त्यांच्या मागं अर्धी गल्ली! कोणी आवाज करीना. प्रेमदासला हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला. न बोलावता एवढी माणसं!

"प्रेमदासभाऊ, धीर धरा," कमलाबाई हळूच म्हणाल्या.

"धरूनच हावो काकू! सकाळपासून धाकधूक होऊन राह्यली होती."

"शेवटी काई बोलली का मोनाली?"

"बोलली ना! आत्ताच फोन आलता तिचा. सातच्या बसनं येतो म्हणे."

कमलाबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि मागच्या बायकांना खूण केली. माणसाच्या डोक्यावर परिणाम झालाय!

फादर आले आणि अंगण पाहून जागेवरच थबकले. हेमराजचा तर आ वासलेलाच राहिला. प्रार्थना सुरू झाली. गल्ली कान देऊन ऐकत होती. थोड्या वेळानं कमलाबाईंनी वाकून विचारलं, "भाऊ, ह्या मण्यांचं काय असते?" प्रेमदासनं सांगितलं. मग कोणी विचारलं, एकच प्रार्थना परत परत काऊन म्हणता? त्यानं तेही सांगितलं. जे सांगायला तो फाटकावरून तीनदा परत आला होता, ते आता लोक आपणहून विचारत होते!

तेवढ्यात फाटक वाजलं. हातात पिशवी घेऊन मोनाली उभी. खुर्च्या, पांढऱ्या चादरी, रडवेल्या बायका पाहून तिनं टाहोच फोडला.

"अवो, कोण गेलं वो?"

"तूच!" अख्खं अंगण ओरडलं.

पिशवीतले पेरू गडगडत कमलाबाईंच्या पायाशी आले. कमलाबाई एकदा मोनालीकडे बघत, एकदा तसबिरीकडे. "मंग हे हारातली कोण?"

"मरिया माता," प्रेमदास पुटपुटला.

"तरीच! म्या म्हटलं, मोनाली इतकी शांत कधी दिसली?" आणि मग त्या प्रेमदासवर घसरल्या. "किती वर्षं झाली, तुमच्या घरातून गाणं आयकू येते अन् दार बंद! एकदा या म्हटलं असतं तर आलो नसतो का?"

ज्यांना नुसतं 'या' म्हणायची प्रेमदासची छाती झाली नव्हती, ते त्याच्या दुःखात धावत आले होते. "आलतो ना काकू, बलवाले. तीनदा."

"नळाचं विचाराले?" कमलाबाईंनी कपाळावर हात मारला आणि पातेल्याचं झाकण काढलं. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून त्यांनी पिठलं-भाकर आणली होती. सगळ्यांनी अंगणातच पंगत मांडली. मोनालीनं स्वतःच्या मयतीचं पिठलं दोनदा मागून घेतलं!

फादर खुशीत हात पुसत म्हणाले, "वा, प्रेमदास! तसबीर घरोघरच फिरेल. उद्या हेमराजकडे आहे. तिथंही येणार ना सगळे?"

"येऊ ना!" कमलाबाई म्हणाल्या. "हेमराजभाऊ, फक्त आधी सांगजा. पिठलं टाकाचं का नाई?"