जहाज बांधणार तो पहिला नंबर

जहाजबांधणीच्या कारखान्यात मागणी आणि पुरवठा यांचा मेळ उत्तम बसला होता. कित्येक वर्षांत एकही जहाज न बांधल्यामुळे हे साधलं होतं. गोदी एकच आणि जहाज हवं असणारे पुष्कळ, म्हणून व्यवस्थापनानं आधी रांगेतले नंबर विकले. नंबर पुढे दुसऱ्याला विकता येत होता. त्याचा भाव चढू लागला, तशी मागणी आणखी वाढली, कारण आता जहाज नको असलेल्यांनाही नंबर हवा होता.

मुख्य अभियंते रोज वेल्डरांची हजेरी घेत आणि चहा पाजून त्यांना घरी पाठवत. निवृत्तीआधी आपल्या हातून आणखी एक जहाज पाण्यात उतरावं, एवढीच त्यांची इच्छा होती. गोदीत उगवलेलं गवत पाहून त्यांचा जीव तुटायचा.

अशात पहिल्या नंबरचा धान्यव्यापारी महाव्यवस्थापकांकडे आला.

"माझं जहाज बांधायला घ्या."

"कशासाठी?"

"धान्य आणायला."

महाव्यवस्थापकांनी खुर्ची मागे सरकवली. इतका संशयास्पद ग्राहक त्यांनी पाहिला नव्हता. "अहो, जहाज बांधलं की तुमचा नंबर संपला. हातात राहणार काय?"

"जहाज."

"तेच म्हणतोय मी."

पण नियमात बसत होतं, त्यामुळे नाही म्हणता येईना. अभियंत्यांना उकळ्या फुटल्या. त्यांनी त्याच दुपारी पोलादाचे पत्रे मागवले आणि शीळ घालत घरी गेले. घरी साडू डोकं धरून बसले होते. साडूंचं चष्म्याचं दुकान होतं आणि दुसरा नंबर त्यांचा होता.

"साडूभाऊ, पहिलं जहाज बांधलंत तर पुढचं माझ्या गळ्यात पडेल. मला पोहतापण येत नाही हो."

"मग नंबर विकून टाका."

"जहाज खरंच मिळणार म्हटल्यावर घेणार कोण?"

बायको पाणी घेऊन आली. "ताईच्या गळ्यात जहाज बांधून तुम्हाला काय मिळणार आहे? शिवाय त्यातला निम्मा नंबर आपला आहे. सांगायचं राहून गेलं."

दुसऱ्या दिवशी अभियंत्यांनी गोदीची पाहणी केली. 'गवत काढल्यास पर्यावरणाची हानी संभवते, सबब बांधणी तहकूब,' असा शेरा त्यांनी मारला. सही करताना त्यांना स्वतःची लाज वाटली. महाव्यवस्थापकांनी मात्र त्यांची पाठ थोपटली, आणि संध्याकाळपर्यंत नंबराचा भाव दुप्पट झाला.

व्यापाऱ्यानं बरेच हेलपाटे घातले, मग शहाणा होऊन नंबर विकला आणि धान्याचा धंदाच बंद केला. त्याचं धान्य पलीकडच्या बंदरात कुजलं. इकडे पीठ महागलं. अभियंते निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांना लाकडी जहाज भेट द्यायचं ठरलं होतं, त्याचा नंबर त्यांच्या हाती सन्मानपूर्वक देण्यात आला.

पीठ महागलं म्हणून तुम्हीही कुणाच्या तरी नावानं खडे फोडत असालच. जरूर फोडा. पण खरं सांगा, एवढं वाचून होईपर्यंत नंबराचा आजचा भाव विचारायचं तुमच्या जिभेवर आलं होतं की नाही?