परबकाकांची टेप

परबकाका कुणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी खिशातून टेप काढायचे. "पकड गं एक टोक," म्हणायचे, आणि आपण आपल्याच घरात भिंतीला चिकटून उभं राहायचं.

बोरिवलीतल्या आमच्या बिल्डिंगीत काका तळमजल्यावर राहतात. आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढण्यात उमर गेली. रिटायर झाल्यावर एकच ध्यास घेतला: घरात बसून कोण काय धंदा करतं आणि तो नियमात बसतो की नाही. देशपांडेबाईंच्या शिकवणीला आलेल्या पोरांच्या चपला त्यांनी दाराबाहेर उभं राहून मोजल्या. "अकरा जोड. शिकवणी आहे. याच्या तिप्पट झाले की शाळा म्हणेन." दुसऱ्या मजल्यावरच्या वकिलाच्या पाटीची लांबी-रुंदी घेतली. "नाव चालेल, जाहिरात नको." लोणचं घालणाऱ्या लताताईंकडे मात्र काका अडले. वास जिन्यात येत होता, पण वासाला टेप लागेना. शेवटी दोन पोळ्यांबरोबर लोणचं खाऊन म्हणाले, "त्रास म्हणता येणार नाही."

सगळं एका वहीत लिहून ठेवायचे. त्यामुळे लोक त्यांना टाळायचे. मीसुद्धा.

मग माझी नोकरी गेली. मी घरीच ब्लाउज शिवायला लागले, मोटरच्या मशीनवर. दोन महिने झाले नाहीत तोच खालच्या सामंतांनी सोसायटीत अर्ज दिला: मशीनचा आवाज येतो, दिवसभर बायका येतात, हा धंदा बंद करा. पुढच्या मीटिंगमध्ये निकाल लागणार होता.

दुसऱ्या दिवशी दारात काका.

"लागली वाट," मी नवऱ्याला हळूच म्हटलं.

काकांनी खोली मोजली. मशीन मोजलं. "मदतीला कोण?"

"कोणी नाही. मीच."

"बाहेर बोर्ड?"

"नाही हो काका."

मग मला मशीन चालवायला सांगून ते खाली सामंतांच्या हॉलमध्ये छताकडे कान लावून उभे राहिले. वर आले ते जाड रबरी मॅट घेऊनच. स्वतः गुडघ्यावर बसून मशीनखाली सरकवली, पुन्हा मशीन चालवायला सांगितलं आणि सामंतांना आवाज ऐकवायला खाली निघून गेले.

मीटिंगमध्ये सामंत बोलले. सेक्रेटरी माझ्याकडे वळले, तेवढ्यात काका उभे राहिले.

"घरातलं माणूस, घरातल्याच कोपऱ्यात, शेजाऱ्याला त्रास न देता छोटं काम करतं, त्याला नियमात जागा आहे. कोपरा मी मोजलाय. मॅट घातल्यावरचा आवाज सामंतांनी स्वतः ऐकलाय. काय हो?"

सामंतांनी नाइलाजाने मान हलवली.

"पण काका," सेक्रेटरी म्हणाले, "तुम्हीच तर सगळ्यांच्या तक्रारी लिहून ठेवता ना?"

"तक्रारी? कुणाची एक तरी दिली काय तुमच्याकडे?" काकांनी वही टेबलावर ठेवली. "उद्या कुणावर अर्ज आला तर उत्तर तयार नको?"

अर्ज निकालात निघाला. संध्याकाळी मी शिरा घेऊन खाली गेले. दार उघडंच होतं. भिंतीला लागून, काकूंच्या फोटोखाली, एक बाजाची पेटी होती, वर धुतलेलं कापड.

"हिची," काका म्हणाले. "चार मुलांना शिकवायची. कुणीतरी तक्रार केली, सोसायटीचं पत्र आलं. मी म्हटलं, कशाला वाद, बंद कर. तिने केलं." ते शिऱ्यात चमचा फिरवत राहिले. "नियम मी नंतर वाचला गं. ती गेल्यावर. चार मुलं चालली असती."

मी विचारलं, "किती वाजता यायची मुलं?"

"पाचला." काका दाराकडे बघत म्हणाले. "अजून पाच वाजले की उघडं ठेवतो. वारा येतो जरा."