देवराव काकांचा टांगता काटा

देवराव काका घरी आलेल्या माणसाच्या हातातली पिशवी आधी घेतात. नवख्याला वाटतं, केवढं हे अगत्य. पण काका पिशवी आत नेत नाहीत. दारातच उभं राहून ती गुडघ्यापर्यंत खाली सोडतात, एकदा वर उचलतात, डोळे मिटतात आणि जाहीर करतात, "चार किलो दोनशे." मग पाहुण्याकडे बघून, "या, बसा."

मनीषनगरात त्यांची आणि आमची कंपाउंडची भिंत एक. कळमन्याच्या बाजारात त्यांनी बत्तीस वर्षं मापारी म्हणून काढली. शेतकऱ्याचं पोतं काट्यावर चढवायचं आणि वजन मोठ्यानं पुकारायचं, हे त्यांचं काम. एकदा पुकारलं की पोत्याचं तोंड शिवायचं. मग त्यात मूठभर दाणासुद्धा टाकायचा नाही. निवृत्त झाले, पण पुकारणं सुटलं नाही. तेवढ्यात आमच्या गल्लीतली पोरं नोकरीनिमित्त पुण्या-बंगळुरूला विमानानं जाऊ-येऊ लागली. काकांनी पोर्चच्या हुकाला काटा टांगला, आणि गल्लीतली प्रत्येक बॅग विमानतळाआधी त्यांच्याकडे जाऊ लागली.

सामानाचे सगळे नियम त्यांना तोंडपाठ. पंधरा किलो खाली, सात हातात. जास्त होणार असेल तर जादा वजन घरूनच, तिकिटाबरोबर घ्यायचं. काउंटरवर भाव विचारायचाच नाही. "काउंटर म्हणजे संध्याकाळचा बाजार गा," ते म्हणत. "माल घेऊन अडकलेल्या माणसाले तिथं कोणी सोडत नाही." हे सगळं सांगणारा माणूस स्वतः विमानात कधी बसलेला नव्हता.

आणि बारदाना! बारदाना म्हणजे रिकामं पोतं. काकांच्या लेखी रिकामी बॅगही बारदानाच, आणि ती आधी तोलायची. समोरच्या कुलकर्णी वहिनींनी चार चाकांची, कुलपाची, सुंदर जांभळी बॅग कौतुकानं आणली. काकांनी ती रिकामीच टांगली. "पाच किलोचा तं बारदानाच आहे. सामान नेऊन राहिल्या का बॅग दाखवाले?" वहिनी पंधरा दिवस बोलल्या नाहीत. मग गुपचूप कापडी बॅग घेऊन आल्या.

मागच्या गल्लीतल्या एका नवरदेवाला त्यांनी भर मे महिन्यात कोट, त्यावर स्वेटर आणि दोन पँटी चढवून रवाना केलं. अंगावरचं कोणी तोलत नाही, हा नियम. पोरगा रिक्षात बसेपर्यंत लाल झाला होता. काका म्हणाले, "विमानात एसी आहे. तोवर बोलू नको, नुसता श्वास घे."

बॅग पास झाली की काका वजन पुकारत, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं. मग चेनच्या दोन्ही टोकांना सुतळीची गाठ मारत. "आता उघडायची नाही."

इथपर्यंतचं मी अनेकांना सांगितलं आहे. लोक हसतात. मीही हसतो आणि विषय बदलतो. पुढचं दोन वर्षं कोणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

काकांची मुलगी, शोभा, बंगळुरूला असते. तिनं स्वतःच्या पसंतीनं लग्न ठरवलं, मुलाला घरी आणलं. काकांनी मुलाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि त्याच्या तोंडावर म्हणाले, "हलका आहे." लग्नाला गेले नाहीत. काकू मध्येच वारल्या, त्यानंतर बापलेकीचं बोलणं उरलंच नाही. दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या कामानं मी बंगळुरूला निघालो, तेव्हा बॅग तोलायला त्यांच्याकडे नेली, तर काकांनी आतून कापडात शिवलेलं एक पार्सल आणलं. मिरच्या कळमन्यातून स्वतः निवडून आणलेल्या, तिखट स्वतः कुटून घेतलेलं. "दोन किलो आहे. जमवतो तुह्या बॅगेत." माझे दोन जाड शर्ट त्यांनी काढायला लावले, पार्सल बसवलं आणि पुकारलं, "चौदा नऊशे!" सुतळी बांधली.

घरी आल्यावर मला आठवलं की तिथल्या साहेबांसाठी काहीच घेतलं नाही. माझ्या बदलीचा कागद त्यांच्या टेबलावर होता. संत्रा बर्फीचे दोन डबे आणले, सुतळी सोडली, डबे कोंबले, आणि सुतळी पुन्हा तशीच बांधली. तशीच बांधली, हे मला अजून टोचतं.

काउंटरवर बॅग सतरा किलोच्या जवळ गेली. पोरीनं दर सांगितला. मागे रांग चुळबुळत होती, माझ्या कानामागून घाम निघाला. बॅग बाजूला घेऊन उघडली. वर बर्फी होती, खाली पार्सल. मी खालचं काढलं. एका बाकड्यावर ठेवलं आणि वळून न बघता आत गेलो.

साहेबांना मधुमेह होता. हे तिथं गेल्यावर कळलं.

परत आलो तर काका फाटकाशीच उभे. पहिला प्रश्न, "काउंटरवर किती भरली?" तोंडातून निघून गेलं, "दोन किलो जास्त. काका, तुमचा काटा चुकला." दुसरा प्रश्न, पार्सलचा. "दिलं. दारातच. घाई होती."

"काय म्हणाली?"

"बरं म्हणाली."

पुढचे आठ दिवस काका त्या एका शब्दाचं वजन करत होते. हसून म्हणाली का? खाली पाहून म्हणाली? दार लावलं का उघडं ठेवलं? मी दर वेळी वेगळं सांगितलं. नवव्या दिवशी त्यांनी विचारणं सोडलं आणि हुकावरचा काटा काढला. कोणी बॅग आणली की, "काटा बिघडला आहे," एवढंच म्हणत. पाहुण्यांच्या पिशव्या ते आता सरळ आत नेऊ लागले. गल्ली शांत झाली, आणि मला ती शांतता घरात बसू देईना. भिंतीपलीकडे काकांची खुर्ची वाजली तरी मी उठून दुसऱ्या खोलीत जायचो.

गेल्या महिन्यात पुन्हा बंगळुरूचं तिकीट निघालं. काकांना कळलं. या वेळी पार्सल नाही, निरोप नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी अंगणात चार फेऱ्या मारल्या आणि शेवटी रिकाम्या हातानं त्यांच्याकडे गेलो. उभ्यानंच सगळं सांगितलं. बर्फीपासून बाकड्यापर्यंत.

काकांनी मध्ये अडवलं नाही. मग विचारलं, "सुतळी तू सोडली होती?"

"हो."

"मी दुकानातून पाच किलोचं वजन आणून काटा तपासला होता, विनू. तीन डाव. बरोबर दाखवून राहिला होता. पण तू काहून खोटं बोलशील? म्हणून काढून ठेवला."

मी ओरडा खायला आलो होतो. हे ऐकायला नाही.

मग ते म्हणाले, "पार्सलात चिठ्ठी होती. चुकलो, घरी ये, अशी. म्हणजे तिले ते भेटलंच नाही."

मी मान हलवली. काकांच्या चेहऱ्याकडे बघायचं धाडस नव्हतं, पण बघितलं. तिथं राग दिसेना. दोन वर्षं ते धरून बसले होते की लेकीनं चिठ्ठी वाचली आणि तरी आली नाही.

ते उठून आत गेले. पलंगाखालून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. काटा घेऊन बाहेर आले, फडक्यानं पुसला, हुकाला लावला.

"तिकीट काढलं तं पंधरा किलो माणसाच्या नावचे भेटतेत ना?"

"हो. आणि सात हातात," मी म्हणालो.

"ते तू मले नको शिकवू."

काकूंची जुनी कापडी बॅग त्यांनी आधी रिकामीच टांगली. सहाशे. मग दोन शर्ट, एक पँट, टॉवेल. मी विचारलं, बाकीचं काय? ते म्हणाले, मिरच्या आणाव्या लागतील, कुटाव्या लागतील, दोन-चार दिवस तरी जातील. तू उद्याचा पुढं जा, पण तिच्या घरी नको जाऊ. मग काट्याखाली उभं राहून, दोन वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी पुकारलं, "अडीच किलो!"

समोरचं फाटक करकरलं. कुलकर्णी वहिनी बाहेर आल्या. "काका, काटा लागला का? कोणाची बॅग आहे?"

काकांनी सुतळीचं एक टोक माझ्या हातात दिलं.

"माही," ते म्हणाले.